नव्या पाटीवरचा जुना देखावा

प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती टॅब द्यावा की देऊ नये, या प्रश्नावर आपल्या सुशिक्षित समाजात दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाला त्यात ज्ञानगंगा खेड्यापाड्यांत अवतरल्याचा साक्षात्कार होतो. दुसऱ्याला त्यात बालबुद्धीचा सर्वनाश दिसतो. या दुसऱ्या पक्षातील अनेक सद्गृहस्थांची स्वतःची नातवंडे मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नसल्यामुळे, त्यांच्या आक्रोशाला आम्ही फारशी किंमत देत नाही. परंतु पहिल्या पक्षाचा एक दावा निमूटपणे ऐकून घेणे आम्हांस अशक्य आहे. मुलांनी वर्गात टॅबवर प्रकल्प करावा, शिक्षकांनी तो त्याच दिवशी पालकांच्या मोबाइलवर पाठवावा, म्हणजे शाळा आणि घर यांमधील अंतर नाहीसे होते, असा हा दावा आहे. आमच्या मते या उपायाने अंतर तसेच राहते. मात्र ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि म्हणून ते कमी करण्याची निकडही कोणास वाटत नाही.

ज्या मुलखाकडे पाहून आम्ही हे लिहीत आहो, तो जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा आहे. पूर्वेकडे नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा, असा बागायती सुकाळ. पश्चिमेकडे माणिकडोह व डिंभे या धरणांच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळ्यांच्या वस्त्या, आणि तेथे भात, नाचणी व हिरडा यांवर चालणारा संसार. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर राज्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून पडदे, संगणक व टॅब आले. ज्या गावकऱ्यांनी पदरमोड करून ही वर्गणी दिली आणि ज्या शिक्षकांनी ती दारोदार फिरून गोळा केली, त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. आमचे भांडण त्यांच्याशी नाही. ही साधने मिळाल्यावर त्यांच्याकडून कोणते काम करून घेतले जाते, याविषयी आमची तक्रार आहे.

काही काळापूर्वी आंबेगावच्या पश्चिम भागातील एका शाळेत जाण्याचा आम्हांस योग आला. त्या दिवशी पालकसभा होती. चौथीच्या मुलांनी केलेला 'आपला हिरडा' हा प्रकल्प पालकांच्या गटावर आधीच पाठवून झाला होता. तो टॅबवर पुन्हा दाखवण्यात आला. चित्रे सुरेख होती, मागे वाद्यसंगीत होते. हरीतकी हे संस्कृत नाव, त्रिफळा चूर्णातील हिरड्याचे स्थान, त्याचे औषधी गुण, सारे काही शुद्ध भाषेत सांगितले होते. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई मात्र त्या चित्राकडे रोखून पाहत राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, एवढा पिकू दिला तर पोटाला काय मिळंल? आम्ही कवळा असतानाच काढतो." गुरुजी सज्जन होते, ते हसले आणि "बरोबर आहे, मावशी," असे म्हणून पुढच्या प्रकल्पाकडे वळले.

त्या बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. या डोंगरातील लोकांना चार पैसे अधिक मिळतात ते बाळहिरड्याचे, म्हणजे कोवळेपणीच काढून उन्हात वाळवलेल्या फळाचे. तो केव्हा काढावा, कसा वाळवावा, व्यापारी वजनात व भावात कोठे मारतो, हे ज्ञान त्या बाईंपाशी होते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याची दाणादाण उडाली आणि भरपाईसाठी या लोकांना आंदोलने करावी लागली, ही हकीकतही त्यांच्या अंगावरून गेलेली होती. परंतु 'आपला हिरडा' या प्रकल्पात यांपैकी एक अक्षरही नव्हते. 'आपला' हा शब्द तेवढा होता. मुलीने इंटरनेटला विचारले, आईला विचारले नाही. आणि मग इंटरनेटचे उत्तर आईला पाठवून तिच्याकडून टाळी घेतली. शाळा व घर यांची जवळीक ती हीच असेल, तर दुरावा कशास म्हणावे?

असे का होते, हे पाहण्यासारखे आहे. आमच्या लहानपणी दगडी पाटी होती. तिचा मोठा गुण हा की ती पुसता येई. मुलाने 'सात आठे पंचावन्न' लिहिले, तर ती चूक मुलगा, गुरुजी व पाटी या तिघांतच राही आणि ओल्या फडक्याने तिचा निकाल लागे. टॅबही पुसता येतो. परंतु त्यावरचे काम गावभर जायचे आहे असे एकदा ठरले, की त्यात चूक राहू देण्याची कोणाची छाती होणार? मग मुलाचे वाक्य शिक्षक सुधारतात, चित्र दुसरीकडून घेतात, आवाज वर्गातील एखाद्या स्पष्टोच्चारी मुलीचा लावतात. आणि जे मूल अडखळत वाचते ते समूहछायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहते. पूर्वी साहेबांच्या तपासणीच्या दिवशी हुशार मुले पुढे बसवीत. तो देखावा वर्षातून एकदा होई. आता तो आठवड्यातून एकदा होतो, एवढीच प्रगती.

यावर असे म्हणतील की, कांदा काढायला गेलेला मजूर किंवा भातलावणीत वाकलेली आई शाळेत येणार कधी? तिला निदान रात्री मुलाचे काम दिसते, हे काय थोडे झाले? हा आक्षेप पोकळ नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली, तेव्हा मोबाइल हाच काय तो दुवा उरला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्याच काळाने हेही शिकवले की घरात मोबाइल एक असतो, तो बापाबरोबर रानात जातो, आणि डोंगराच्या अनेक घड्यांत त्याला आवाजच लागत नाही. आपत्काळी ज्या काठीचा आधार घेतला, तिलाच पाय समजून चालणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र वाटले म्हणजे विद्या वाढते, या समजुतीची परीक्षाही जगात होऊन चुकली आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या चळवळीचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ साली आमच्याच महाराष्ट्रात, कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत झाला. त्याच चळवळीतून पेरू देशाने लाखो यंत्रे वाटली. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि गणितात किंवा भाषेत मुलांची वाढ झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. त्याच्याकडून कोणी काय विचारून घेतो, यावर सारे अवलंबून आहे, इतकेच ठरते.

आता कायद्याकडे पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. कायद्याने त्या हिरडेवाल्या बाईंना खुर्ची दिली; आम्ही त्यांना चित्रफीत देऊन वाटेला लावतो. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची संमती हवी, हा नियम घातला. पण पन्नास मोबाइलवर जाणाऱ्या छायाचित्रांविषयी कोणत्या आईला कोणी विचारले? त्याच २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार शासनाने पुढे मांडला. अशा लहान शाळा डोंगरातच असायच्या. शाळा चार मैल दूर नेली तरी चालेल, मुलाचे चित्र तर घरबसल्या दिसते, असा युक्तिवाद उद्या कोणी केला, तर त्याला उत्तर देण्याचे बळ आज टाळ्या वाजवणाऱ्या आम्हांपाशी उरेल काय?

मग टॅब फेकून द्यावा काय? मुळीच नाही. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगद्विख्यात रेडिओ दुर्बीण आहे, आणि तेथे राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने शाळकरी मुलांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरत आले आहे. तेथे मूल आपल्या प्रयोगापाशी उभे असते. परका माणूस येऊन आडवे प्रश्न विचारतो. मूल अडखळते, चुकते आणि पुन्हा सांगते. प्रदर्शन करावयाचे तर ते असे करावे. टॅब हातात नसताना जे मूल आपल्या प्रकल्पाविषयी चार वाक्ये बोलू शकत नाही, त्याचा प्रकल्प घरी पाठवू नये. टॅब मुलाने आधी घरी न्यावा, आजीचे बियाण्याविषयीचे, आईचे हिरड्याविषयीचे बोलणे तिच्याच बोलीत टिपून आणावे, आणि त्यावर वर्गात चर्चा व्हावी. प्रकल्प पूर्ण झाल्यावर पालकाला 'छान' म्हणण्यासाठी पाठवू नये. 'यात काय चुकले?' असे विचारून पाठवावा, आणि आलेले उत्तर मुलाच्या नावाशेजारी त्या पालकाच्या नावाने लिहावे.

यात शिक्षकाचे काम वाढते आणि देखाव्याची शोभा कमी होते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या बाईंनी त्या दिवशी सभेत तोंड उघडले, त्या आता पुढच्या सभेला येतील की नाही, याची आम्हांस शंका आहे. त्यांना परत बोलावून, मुलांसमोर बसवून, 'मावशी, कवळा हिरडा कसा काढतात ते सांगा', असे ज्या दिवशी ते गुरुजी म्हणतील, त्या दिवशी शाळेतील टॅबचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.