हद्दपारीची घाई आणि पुराव्याचा भार

जून २०२५ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातून पोलिसांनी सहा जणांना ताब्यात घेतले. मूळचे पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याचे हे लोक राजधानीत कचरा-भंगार वेचून गुजराण करीत होते. त्यांत एक गर्भवती स्त्री होती. विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयाच्या आदेशानुसार काही दिवसांतच त्यांची रवानगी बांगलादेशच्या हद्दीत झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकाता उच्च न्यायालयाने ही हद्दपारी रद्द ठरवून चार आठवड्यांत सर्वांना परत आणण्याचा आदेश दिला. केंद्रीय गृहमंत्रालयाच्याच २ मे २०२५ च्या सूचनेनुसार अशा व्यक्तीच्या मूळ राज्याकडून तीस दिवसांत पडताळणी करून घेणे अपेक्षित होते. तेवढीही उसंत कोणी घेतली नाही, हे न्यायालयाने नोंदवले. शिवाय ही स्त्री १९९८ मध्ये बेकायदा भारतात शिरली, असे पोलिसांचे म्हणणे होते. तिच्या ओळखपत्रांनुसार तिचा जन्म २००० सालचा आहे!

पोलिसी कागदपत्रांतली ही एक चूक म्हणून प्रकरण सोडून देता आले असते. परंतु गेल्या दोन दशकांतील न्यायालयीन निवाडे आणि सरकारी धोरणे एकापुढे एक मांडली, तर ही चूक योगायोगाने घडलेली दिसत नाही. परकीय नागरिक कोण, हे ठरविण्याचे काम हळूहळू न्यायनिवाड्याच्या कक्षेतून प्रशासनाच्या कक्षेत सरकले आहे आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार मात्र जिथे होता तिथेच, म्हणजे पकडलेल्या माणसाच्या खांद्यावर राहिला आहे.

भारतात अमेरिकेसारखी स्थलांतरितांची स्वतंत्र न्यायालये नाहीत. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार जवळजवळ निरंकुश असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात १९५५ मध्येच सांगून ठेवले आणि १९५८ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद २५८ खाली केंद्राने तो अधिकार राज्य सरकारांकडे सोपविला. मुंबईचा वा दिल्लीचा पोलीस अधिकारी आज जे करतो, त्याचे मूळ या हस्तांतरणात आहे. एखाद्याचे परकीयत्व ठरविणारी न्यायाधिकरणे १९६४ च्या आदेशान्वये आली खरी, परंतु ती प्रत्यक्षात कार्यरत राहिली केवळ आसामात. २०१९ मध्ये इतर राज्यांनाही ती नेमण्याची मुभा मिळाली, पण तिचा वापर झाल्याचे दिसले नाही.

आसामची कहाणी म्हणूनच साऱ्या देशाची ठरते. १९८३ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने केवळ आसामसाठी आयएमडीटी कायदा केला. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ नुसार आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर होती. आयएमडीटीने ती उलटवून तक्रारदारावर व सरकारवर टाकली. अल्पसंख्याकांना छळापासून संरक्षण हा त्यामागील घोषित हेतू. मतपेढीचे संरक्षण हा विरोधकांचा आरोप. परिणाम असा की तीन लाखांहून अधिक चौकश्या सुरू झाल्या, सुमारे दहा हजार लोक परकीय ठरले आणि एप्रिल २००० पर्यंत प्रत्यक्षात देशाबाहेर गेले ते दीड हजारांहूनही कमी. सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने १२ जुलै २००५ रोजी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. अनियंत्रित घुसखोरी म्हणजे अनुच्छेद ३५५ मधील ‘बाह्य आक्रमण’च होय, असा त्या निकालाचा गाभा होता. मनमोहन सिंग सरकारने २००६ मध्ये पर्यायी आदेश काढून तेच संरक्षण मागल्या दाराने आणू पाहिले. न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात तेही फेटाळले. याचिकाकर्ते सोनोवाल पुढे भाजपच्या वतीने आसामचे मुख्यमंत्री झाले.

आयएमडीटी कुचकामी होता, यात वाद नाही. पण तो गेल्यावर उरलेली पोकळी कलम ९ ने भरली आणि या कलमाला काही मर्यादा आहे काय, हा प्रश्न तब्बल १९ वर्षे अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर ११ जुलै २०२४ रोजी मिळाले. नलबारी जिल्ह्यातील एका रहिवाशाला न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये एकतर्फी परकीय ठरवले होते. न्या. विक्रम नाथ व न्या. अमानुल्लाह यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. कलम ९ आहे म्हणून प्रशासनाला कोणाचाही दरवाजा ठोठावून ‘आम्हाला तुमचा संशय आहे’ एवढेच सांगता येणार नाही. संशयाला आधारभूत सामग्री हवी आणि ती त्या व्यक्तीला द्यायला हवी, असे पीठाने बजावले. नावाच्या वर्णलेखनातील वा जन्मतारखेतील किरकोळ तफावत ही कोणाला परकीय ठरवण्यास पुरेशी नाही, हेही स्पष्ट केले. ज्याच्यासाठी हा निकाल लागला, तो मनुष्य निकालापूर्वी अडीच वर्षे आधीच मरण पावला होता, असे मागाहून बातम्यांतून कळले.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना या तफावतीचे मर्म निराळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून लिहिली. घरी जन्मलेल्या मुलीची नोंद पाटलाच्या वहीत झाली नाही आणि लग्नानंतर तिचे नावही बदलले, आडनावही. तिने आपण अमुक बापाची लेक आहोत हे कागदावर सिद्ध करायचे, तर काय दाखवावे? आसामात परकीय ठरलेल्या अनेक स्त्रिया याच ठिकाणी अडल्या. नागरिकत्व कायदा पाहिला तर हा भार पिढीगणिक वाढतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला, काही अपवाद वगळता, जन्मस्थळ पुरते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते. त्यापुढे जन्मलेल्याला दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, हे दाखवावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कथित बांगलादेशी आरोपीला जामीन नाकारताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. प्रश्न असा की मग ठरते कशाने? जन्मदाखल्याने म्हणावे, तर महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मालेगावसह अनेक ठिकाणच्या विलंबित जन्मनोंदींची चौकशी लावून असे दाखले देणेच थांबवले होते. बनावट दाखल्यांची तक्रार खोटी नव्हती. पण ज्याची नोंद खरोखरच राहून गेली, त्याचाही मार्ग त्यात बंद झाला.

२०२४ च्या या निकालाला तीन महिने होतात तोच १७ ऑक्टोबरला नागरिकत्व कायद्याच्या कलम ६अ वर घटनापीठाचा निवाडा आला. १९८५ च्या आसाम कराराने ठरवलेली २५ मार्च १९७१ ही सीमारेषा चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरली, न्या. पारडीवाला यांनी विरोधी मत दिले. वृत्तपत्रांचे लक्ष या तारखेवर राहिले. परंतु न्या. सूर्यकांत यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात एक निर्देश होता, त्याने पुढे सारी दिशा बदलली: विस्मृतीत गेलेला १९५० चा आसाममधून स्थलांतरितांच्या निष्कासनाचा कायदाही परिणामकारकपणे वापरावा. हिमंत बिस्व सरमा यांच्या सरकारने हा धागा अचूक उचलला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी आसाम मंत्रिमंडळाने या कायद्याखालील कार्यपद्धती मंजूर केली. जिल्हा आयुक्ताने नोटीस द्यायची, संशयिताने दहा दिवसांत नागरिकत्व सिद्ध करायचे, समाधान न झाल्यास निष्कासनाचा आदेश आणि राज्य सोडण्यास चोवीस तास. जे ठरविण्यास न्यायाधिकरणांना वर्षानुवर्षे लागत, ते आता जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याने दहा दिवसांत ठरवायचे!

संसदेने याच वर्षी संमत केलेला स्थलांतर व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबरपासून अमलात आला. १९२०, १९३९, १९४६ व २००० असे चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. वसाहतकालीन कायद्यांचे ओझे उतरवल्याचा सरकारचा दावा होता. मात्र कलम ९ मधील सिद्धतेचा भार नव्या कायद्यात जसाच्या तसा आला. वैध पारपत्राविना प्रवेशास पाच वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, तर बनावट कागदपत्रांना दोन ते सात वर्षे कैद अशी तरतूद झाली. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या तेथील अल्पसंख्याकांना मात्र वेगळ्या आदेशाने यातून सूट मिळाली.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका या काळात एकसुरी राहिली नाही, हेही नमूद करायला हवे. रोहिंग्यांविषयीच्या ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात हद्दपार न होण्याचा हक्क केवळ नागरिकांनाच असल्याचे सांगताना न्यायालयाने विहित प्रक्रियेविना हद्दपारी करू नये, ही अट घातली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोलपाड्याच्या मतिया केंद्रात डांबलेल्या ६३ जणांवरून न्या. ओक व न्या. भुईयां यांनी आसाम सरकारला, कशाच्या मुहूर्ताची वाट पाहता आहात, असा बोचरा सवाल केला. परदेशातला पत्ता ठाऊक नसेल तर त्या देशाच्या राजधानीत पाठवा, असेही सुनावले. विनामुदत कोंडून ठेवणे बेकायदा आहे, हा न्यायालयाचा रोख. सरकारने त्यातून घाईचा परवाना तेवढा घेतला.

कारण मुहूर्त न सापडण्याचे खरे कारण वेगळे होते. हद्दपारीला दुसऱ्या देशाने आपला माणूस म्हणून स्वीकार करावा लागतो. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने सांगितल्याप्रमाणे २,३६० हून अधिक जणांची राष्ट्रीयत्व-पडताळणी बांगलादेशाकडे पडून होती, त्यांतली काही प्रकरणे २०२० पासूनची. शेख हसीना यांची सत्ता ऑगस्ट २०२४ मध्ये गेल्यानंतर ढाक्याकडून घाईची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. ‘पुशबॅक’ने म्हणजे रात्री सीमेवर नेऊन पलीकडे ढकलण्याने ही अडचण ओलांडली जाते, त्यात दुसऱ्या देशाची संमती लागत नाही आणि आपल्या न्यायालयाचा आदेशही. मे-जून २०२५ मध्ये आसामातून ढकललेल्यांपैकी काहींना परत आणावे लागले. मुंबईलगतच्या मीरा रोड भागातून उचललेल्या मुर्शिदाबादच्या मजुरालाही सीमा सुरक्षा दलाला दुसऱ्या बाजूशी बोलणी करून माघारी घ्यावे लागले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. युती सरकारच्या काळात जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस काही बंगालीभाषकांना बांगलादेशी म्हणून हावडा गाडीने सीमेकडे नेत असताना पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. तेव्हाही मुंबईचा दावा परकीयांचा होता आणि कोलकात्याचा आपल्याच माणसांचा. फरक इतकाच की तेव्हा वाद रेल्वेच्या फलाटावर तरी झाला.

बीरभूमच्या त्या स्त्रीचे प्रकरण केंद्राच्या अपिलामुळे सर्वोच्च न्यायालयात आले. दरम्यान बांगलादेशातील न्यायालयानेही हे लोक भारतीय असल्याचे म्हटले होते. ३ डिसेंबर २०२५ रोजी केंद्राने मानवतेच्या भूमिकेतून, आपल्या कायदेशीर दाव्याला बाधा न आणता, तिला व तिच्या आठ वर्षांच्या मुलाला परत घेण्याची तयारी दाखवली आणि ५ डिसेंबरला ती मालदा जिल्ह्याच्या सीमेवरून परतली. तिचे वडील भारतीय असल्यास तिचेही नागरिकत्व आपोआप येते, याकडे सरन्यायाधीश सूर्यकांत यांच्या पीठाने लक्ष वेधले होते. तिचा पती व सोबतचे आणखी तिघे त्या दिवशी पलीकडेच राहिले.