मक्विनांच्या बंदराचा हिशेब

व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला नुटका साउंड नावाची खाडी आहे. १७७८ साली कॅप्टन कुक तिथे उतरले, तेव्हा मोवाचाट लोकांचा व्यापार आधीपासूनच चालू होता. कुकच्या खलाशांनी नेलेल्या सागरी पाणमांजरांच्या कातड्यांना चीनमध्ये भरघोस भाव मिळाला आणि या खाडीकडे जहाजांची रीघ लागली. १७८६ मध्ये आलेली जेम्स स्ट्रेंज यांची दोन जहाजे तर मुंबईहून निघाली होती आणि त्यांमागे तिथले व्यापारी डेव्हिड स्कॉट यांचे भांडवल होते. म्हणून या बंदराच्या उदयास्ताकडे मुंबईकरांनाही तिऱ्हाइतासारखे पाहता येणार नाही.

हा उदय परक्यांच्या कृपेने झाला नव्हता. मोवाचाटांचे प्रमुख मक्विना शेजाऱ्यांना जहाजांशी परस्पर सौदा करू देत नसत. बेटाच्या पलीकडच्या बाजूची कातडीही त्यांच्याच हातून विकली जात. १७९२ मध्ये ब्रिटनचे व्हँकुव्हर आणि स्पेनचे बोदेगा इ क्वाद्रा वाटाघाटींसाठी आले, तेव्हा मक्विनांनी आपल्या ताहसिस गावी दोघांचाही पाहुणचार केला.

मग हे वैभव ओसरले कशाने? परक्यांना दोष देणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. १७८९ मध्ये स्पॅनिश लोकांनी कॅलिकम या प्रमुखाला गोळी घातली आणि युक्वॉट गावाजवळ किल्ला बांधला. पुढच्याच वर्षी या किनाऱ्यावरच्या हक्कांचा करार ब्रिटन आणि स्पेनने मोवाचाटांना न विचारता केला.

दुसरी बाजूही टाळता येत नाही. पाणमांजरे मारणारे हात मुख्यतः स्थानिकांचेच होते. १८०३ मध्ये मोवाचाटांनी ‘बोस्टन’ जहाजावर केलेल्या हल्ल्यातून दोनच खलाशी वाचले. कप्तानाने केलेला अपमान आणि मनात साचलेला जुना राग ही त्यामागची कारणे खरी. तरी त्यानंतर जहाजे ही खाडी टाळू लागली, हेही तितकेच खरे.

मक्विनांना निव्वळ बळी ठरवणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व नाकारणे. पण म्हणून दोष समसमान वाटला, तर तो न्याय होणार नाही. पाणमांजरे संपत आली तशी जहाजे उत्तरेकडे वळली, स्पॅनिश १७९५ मध्ये निघून गेले आणि भांडवलाला दुसरे बाजार मिळाले. मोवाचाटांना मात्र त्याच किनाऱ्यावर राहायचे होते. नुकसान मागे टाकून निघून जाण्याची मुभा ज्यांना होती, जबाबदारीचा मोठा वाटा त्यांचा. मुंबईच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना हा वाटाही नोंदवला गेला पाहिजे.