पावडर नको, उजेड हवा

रोलच्या कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आले आहेत. नागपूरला, पुण्याला शिकायला गेलेली आपली मुलं-मुली सुट्टीत घरी येतात आणि कपाटाच्या वरच्या खणातून बाबांचा नाहीतर मामाचा कॅमेरा शोधून काढतात. कुणाला जुनी याशिका सापडते, कुणाला अ‍ॅग्फाचा डबा. त्या कॅमेऱ्यांबरोबर एक जुना वादही खाली उतरला आहे. चांगला फोटो यंत्रामुळे येतो की हातातल्या कसबामुळे?

हा वाद मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. तो घालणारे बहुतेक पुरुषच असतात. एक गट लेन्सच्या किमती सांगतो. दुसरा म्हणतो, ''अहो, कॅमेऱ्यात काय आहे, नजर हवी!'' असं म्हणणाऱ्याच्या खांद्यावरही सहसा चांगला महागातला कॅमेरा असतो, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मी कसबाच्या बाजूची आहे. पण माझं कारण या दोन्ही गटांच्या बोलण्यात कधी येत नाही. ते आपल्या मुलींच्या रंगाशी जोडलेलं आहे.

मुलगी बारावी झाली की 'स्थळासाठी' फोटो काढायचा, ही आपल्याकडची रीत. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर, कुठेही जा, स्टुडिओतला विधी तोच. आधी आरशासमोर पावडर. मग मागे रंगवलेला पडदा, दोन बाजूंना भगभगीत दिवे. कृष्णधवल फोटोंच्या काळात एवढ्यावर भागत नसे. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली जायची. निगेटिव्हचा जो भाग पेन्सिलीनं गडद होतो तो प्रिंटवर उजळतो. अशा रीतीनं गालावरचे डाग जायचे आणि त्यांच्याबरोबर गालही जायचा. रंगीत रोल आले तेव्हा हे काम लॅबकडे गेलं. आता ते मोबाइलमध्ये बसलं आहे, बोटानं सरकवण्याइतकं सोपं.

या फोटोचा पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणे येतात, पोहे खातात आणि जाताना म्हणतात, ''फोटोत तर उजळ दिसत होती.'' फसवलं कुणी? स्टुडिओवाल्याला कुणी विचारत नाही. शब्द लागतो तो मुलीला. तिच्या आईलाही लागतो, कारण पावडर आईनंच लावलेली असते.

''पण साधा फोटो काढला तर पोरगी काळीठिक्कर येते, मग करायचं काय?'' असं आया म्हणतात. त्या खोटं बोलत नाहीत. तसा फोटो येतोच. तो का येतो, हे समजून घेण्यात सगळं कसब आहे.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा मुलीला ओळखत नाही. समोरच्या चौकटीतून येणारा सगळा उजेड तो एकत्र धरतो आणि हे सगळं मिळून मध्यम करडं आहे असं समजून आकडा देतो. मागे चुन्याची पांढरी भिंत असली, की काट्याच्या लेखी ती भिंतच मोठी. तिला करडं करण्यासाठी तो उजेड कमी करायला सांगतो. भिंत करडी होते आणि भिंतीसमोरची सावळी मुलगी काळी होते. तिथे गोरी मुलगी असती तर तीही थोडी काळवंडली असती, पण चालून गेली असती. सावळीच्या बाबतीत डोळ्यांभोवतालचं आणि ओठांजवळचं सगळं बारीक काम त्या काळोखात बुडतं.

आपल्या जिल्ह्यात याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे धानाची रोवणी. बांधीत पाणी साचलेलं, वर पांढुरकं आभाळ, तेच आभाळ खाली पाण्यात. मध्ये वाकलेल्या बाया, डोक्यावर पदर, चेहरा खाली. काटा आभाळ मोजतो, पाणी मोजतो. बायांचे होतात नुसते काळे ठोकळे. आभाळ काय सुंदर आलंय म्हणून अशा फोटोंना स्पर्धेत बक्षिसंही मिळतात! एका बाईला असा फोटो दाखवला तेव्हा ती हसून म्हणाली, ''हे मी नाही वो, बाई.'' खरंच नव्हती. तिथे तिच्या आकाराची एक सावली होती.

यावरचा उपाय विकत मिळत नाही. जवळ जायचं आणि भिंत, आभाळ, पाणी चौकटीबाहेर ठेवून उजेड मोजायचा. बाईच्या चेहऱ्यावर जसा उजेड पडतो आहे तशा उजेडात आपला तळहात धरून त्यावर काटा लावला तरी चालतं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एका टप्प्यानं उजळ असतो, म्हणून मिळालेल्या आकड्यापेक्षा एक टप्पा जास्त उजेड आत घ्यायचा. रंग कोणताही असो, आपल्या सगळ्यांचे तळहात बरेचसे सारखे असतात. मग मागे येऊन फोटो काढायचा. भिंत जास्त पांढरी झाली तर होऊ द्यावी, भिंतीचं लग्न ठरवायचं नाही.

याहूनही जुनी एक युक्ती आहे, तिला काटाच लागत नाही. लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ 16 वर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याच्या जवळपास, म्हणजे 100 च्या रोलला सेकंदाचा 125 वा भाग. रोलच्या वेष्टनावर किंवा आतल्या चिठ्ठीवर सूर्य, ढग, सावली अशी चित्रं छापून हाच हिशेब दिलेला असायचा. तो वाचायला इंग्रजी येण्याचीही गरज नव्हती. या हिशेबातली मला आवडणारी गोष्ट अशी, की काटा चेहऱ्यावरून परत येणारा उजेड मोजतो आणि हा हिशेब चेहऱ्यावर पडणारा उजेड धरतो. ऊन पाटलाच्या सुनेवर आणि मजुरी करणाऱ्या बाईवर सारखंच पडतं. या हिशेबानं काढलेल्या फोटोत सावळी बाई सावळी येते, गोरी गोरी येते. दोघींचंही बरं दिसतं.

आता कुणी म्हणेल, मग यंत्राचा काही दोष नाहीच का? आहे. तो नुसता काट्यापुरता नाही, फिल्मपर्यंत जातो. कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवण्यासाठी लॅबना एक नमुना-फोटो पाठवायची. 1950 च्या दशकापासून त्यावर एक गोरी बाई असायची. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट उतरली म्हणजे यंत्र बरोबर! गोऱ्या, काळ्या आणि आशियाई अशा तिघींचं कार्ड यायला 1990 चं दशक उजाडलं. दरम्यान गडद रंगांबद्दलची कंपनीवर परिणाम करणारी तक्रार कुणाची होती? चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांची, कारण त्यांच्या जाहिरातींत माल नीट दिसत नव्हता. कोट्यवधी सावळ्या माणसांचे चेहरे वर्षानुवर्षं बिघडत होते, त्यांना वाटत होतं आपणच तसे.

म्हणून 'कॅमेऱ्यात काय आहे' हे वाक्य मला मान्य नाही. कॅमेऱ्यात पुष्कळ काही आहे, कुणाला माणूस धरायचं हेसुद्धा आहे. पण नवा महाग कॅमेरा घेऊन ते जात नव्हतं. शर्लीचा मापदंड स्वस्त डब्यातल्या रोललाही होता आणि लाखाच्या कॅमेऱ्यातल्या रोललाही होता. त्याला वळसा घालायची अक्कल फोटो काढणारीला आणि प्रिंट करणाऱ्याला लागायची.

फ्लॅशबद्दलही थोडं सांगते. बिडी वळणाऱ्या बायका ओसरीवर बसतात, आत अंधार, दारातून एका बाजूनं उजेड. फ्लॅश मारला की पुढचीचा चेहरा चपटा होतो, मागच्या अंधारात जातात आणि हातातलं काम थांबतं. दाराशी टेकून, श्वास रोखून सेकंदाच्या 15 व्या भागावर काढलेला फोटो किंचित हलला तरी त्यात सुपातला तेंदूपत्ता दिसतो, बोटं दिसतात.

आता माझं माझ्याच बाजूच्या लोकांशी असलेलं भांडण. कसब म्हणजे देवाची देणगी, असं ते बोलतात. कसब रोल वाया घालवून येतं. एका रोलमध्ये 36 फोटो, जुन्या अ‍ॅग्फा क्लिकमध्ये तर 12 च. धुण्याचे पैसे वेगळे, छापण्याचे वेगळे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल इथलाच होता, पण घरात मोजून वापरायचा तोही. चुकायची मुभा कुणाला होती? घरचा जुना अल्बम उघडून पाहा. बारसं, मुंज, लग्न, सहल, सगळीकडे आई आहे, आत्या आहे, काकू आहे. जो फारसा दिसत नाही त्याच्या हातात कॅमेरा होता. वीस रोल बिघडवून त्याचा हात बसला. बाईनं एक बिघडवला असता तर ''तुला काय कळतं त्यातलं'' म्हणून कॅमेरा परत कुलपात गेला असता.

होमाई व्यारावाला यांचं नाव अशा वेळी घेतलं जातं, घ्यायलाच हवं. जन्म 1913, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री. कॅमेरा त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो माणेकशॉंच्या नावानं छापून येत. फोटो तेच, कसब तेच, खाली नाव पुरुषाचं. पुढे दिल्लीत रोलीफ्लेक्स आणि जडशीळ स्पीड ग्राफिक घेऊन, साडी नेसून, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून त्यांनी 1947 चं सत्तांतर टिपलं. त्या वेळच्या फ्लॅशला दर फोटोनंतर नवा बल्ब लावावा लागे. म्हणजे दुसरी संधी जवळजवळ नाहीच. 1970 मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी. त्यांच्याकडे कसब होतं, पण घरात कॅमेरा होता आणि तो हातात देणारा माणूसही होता, हे विसरून त्यांची गोष्ट सांगू नये.

दुसरं उदाहरण शीबा छाछी यांचं. 1980 च्या दशकात हुंडाविरोधी मोर्च्यांचे फोटो त्यांनी चळवळीत राहून काढले. पुढे त्यांना वाटू लागलं, की आपण या बायकांची एकच मूठ आवळलेली प्रतिमा तयार करतो आहोत. तेव्हा त्यांनी कार्यकर्त्या मैत्रिणींनाच विचारलं, तुला कुठे बसायचंय, जवळ काय ठेवायचंय, कशी दिसायचंय? मला वाटतं, हा प्रश्न विचारणं हेही तंत्रच आहे. ते कोणत्याही लेन्सबरोबर येत नाही.

आजचे मोबाइल हुशार आहेत. सावळ्या त्वचेचा विचार करून कॅमेरा बनवल्याचं गूगलनं 2021 मध्ये 'रिअल टोन' नावानं जाहीर केलं. बरं झालं. पण शेजारीच चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारं बटणही असतं, कित्येक मोबाइलांत ते आपोआप चालू असतं. मुलीनं आयुष्यात स्वतःचा न उजळवलेला फोटो पाहिलेलाच नसतो, अशी वेळ आली आहे. रोलचा कॅमेरा तिच्या हातात यावा असं मला वाटतं ते यासाठी. तो काहीच आपोआप करत नाही. चेहरा काळा आला तर का आला, ते शोधावं लागतं आणि उत्तर उजेडात सापडतं, तिच्या कातडीत सापडत नाही.

म्हणून आपल्या गटांसमोर एक साधी सूचना ठेवते. कपाटातला एक कॅमेरा गटाचा करावा. रोल आता स्वस्त नाही, शेकड्यांत जातो, तेव्हा वर्गणी काढावी. पण प्रत्येकीला एक अख्खा रोल तिच्या नावाचा मिळावा आणि 36 च्या 36 बिघडले तरी हिशेब मागू नये. स्थळाचा फोटोही गटातल्याच मैत्रिणीनं काढावा, घराच्या पडवीत, उघड्या सावलीत, दाराकडे तोंड करून बसवून. 100 चा रोल, वेग 125 वा भाग, छिद्र एफ 5.6 किंवा 4. पावडरीचा डबा आत ठेवावा.

सुरुवात येत्या रोवणीलाच करता येईल. पातळ ढग असले आणि सावल्या पडत नसल्या तर एफ 8, आभाळ भरून आलं तर 5.6. काट्याकडे बघू नका, पाणी त्याला फसवतं. चिखलात उतरा, बाईला आधी विचारा आणि तिनं मान वर केली की मगच दाबा.