हाताला माती लागली की रडणारं मूल

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत असं एखादं मूल नक्की असेल. मऊ भात ताटात पाहूनच त्याला उमासे येतात. डोक्यावरून पाणी घातलं की सगळी वाडी गोळा होईल असं ते रडतं. सदऱ्याच्या मानेमागची पट्टी कापल्याशिवाय तो अंगात घालू देत नाही, सारवलेल्या खळ्यात पाय टेकत नाही. "लाड केल्यान असाच होतला," असं शेजारीण म्हणते, आईचा चेहरा उतरतो आणि चारचौघांत ती त्याला एक धपाटा घालते. मूल आणखी रडतं, आणि बोलणी पुन्हा आईलाच!

हा हट्ट नसतो. निदान दर वेळी नसतो. कातडीला काही लागलं की त्याची वर्दी मेंदूकडे जाते. त्यातली कुठली मनावर घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची, हे मेंदू आपल्या नकळत ठरवतो. म्हणून तर सकाळी नेसलेलं पातळ अंगावर आहे हे दुपारी आपल्या ध्यानातही नसतं. काही मुलांत ही निवड नीट होत नाही. त्यांना हलका स्पर्शसुद्धा बोचतो. काहींचं उलटं असतं, त्यांना स्पर्श पुरतच नाही. ती भिंतीवर आदळतात, दिसेल ते तोंडात घालतात. जीन आयर्स या अमेरिकन बाईंनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिलं. त्या व्यवसायोपचार तज्ज्ञ होत्या, म्हणजे रोजच्या कामांतून आणि खेळांतून उपचार करणाऱ्या. आपल्याकडे या शास्त्राची पहिली शाळा कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केली. स्वमग्न मुलांत हा त्रास पुष्कळदा दिसतो, पण त्रास असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असं मुळीच नाही.

आता घरी काय करायचं? महागडी खेळणी आणा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवली, ती खडे, बिया, पानं, शिंपले हाताशी घेऊनच. मसुऱ्यात तर हे सगळं परसातच आहे.

सुरुवात कोरड्यापासून करा. परातीत भाताचं तूस किंवा कुळीथ घ्या, त्यात दोन-चार शिंपले लपवा. मुलाच्या हातात आधी पळी द्या. हात घाल म्हणू नका. तुम्हीच शेजारी बसून हात घाला, शिंपला सापडला की खूश व्हा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तीन आठवडे पळीच धरली. मग एके दिवशी एक बोट घातलं आणि लगेच चड्डीला पुसलं. ते बोट म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे त्याच्या आईलाच ठाऊक! कोरडं जमलं की ओलसर वाळू, मग मळलेली कणीक, आणि चिखल सगळ्यांत शेवटी. जवळ ओलं फडकं असू द्या. हात केव्हाही पुसता येतो हे कळलं की मुलाला धीर येतो. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं पुरे, पण रडू लागलं की थांबायचं. बळजबरीने हात चिखलात बुडवलात तर महिन्याची मेहनत वाया.

आणखी एक गंमत बघा. अशा मुलाला गुदगुल्या किंवा गालावरून फिरवलेलं बोट नकोसं होतं, पण घट्ट मिठी पुष्कळदा आवडते. म्हणून तेल लावताना तळहात दाबून लांब फिरवा. गोधडीत गुंडाळून लोळवा, तोंड मात्र उघडं ठेवा. पाण्याची छोटी कळशी उचलू द्या, नारळ ढकलत न्यायला सांगा. जोराच्या कामाने अंग शांत होतं. आंगणेवाडीच्या जत्रेत न्यायचं असेल तर त्याआधी असं थोडं काम द्या, आणि गर्दीत हात सैल न धरता घट्ट धरा.

बिया मात्र पारखून घ्या. गुंज दिसायला सुरेख, पण विषारी. ती घरात नकोच. कच्च्या काजूबीच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. तीन वर्षांखालच्या किंवा सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला बारीक दाणे देऊ नका. चिंचोका नाकात गेला की डॉक्टरांकडे धावावं लागतं. त्याच्यासाठी कणकेचा गोळा बरा.

खेळाने सगळं बरं होतं असंही कुणाच्या सांगण्यावरून समजू नका. याचा उपयोग किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली सांगितलं, की नुसत्या या त्रासाला आजाराचं नाव देऊन थांबू नका, मागे दुसरं काही आहे का ते तपासा. मूल हाकेला ओ देत नसेल, बोलायला उशीर होत असेल, वजन घटत असेल, तर कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत सरकारी पथक मुलांची मोफत तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि "तसा बरा आहे" म्हणून गप्पही बसू नका.

"धान्याशी कसले खेळ?" असं सासूबाई म्हणतील, आणि त्यांचं खोटं नाही. म्हणून चांगलं धान्य काढूच नका. पोरकिडा लागलेले कुळीथ उन्हात तापवून चाळून घ्या, डब्यात झाकून ठेवा. महिनाभर खेळ होतो, मग परसात पेरून टाका.