समजूतदार नायिका कोणाच्या सोयीची?

‘पोर आता समजूतदार झाली हो,’ असं आपल्याकडे मुलीबद्दल कधी म्हणतात? ती वाद घालेनाशी होते तेव्हा. मुलगा समजूतदार झाला म्हणजे तो कामधंद्याला लागला, बाहेरचं जग त्याला कळू लागलं. शब्द एकच, मापं दोन. साहित्यातल्या पात्रांची वाढ मोजतानाही आपण हीच दोन मापं वापरतो. नायक ठेचा खात, चुका करत शहाणा होतो. नायिकेची परिपक्वता मात्र ती किती सोसते, किती पोटात घालते यावर ठरते. सुरुवातीला हट्टी असलेली मुलगी शेवटच्या प्रकरणात नमतं घेते आणि लेखक तिला प्रौढपणाचं प्रशस्तिपत्र देतो. अशा कादंबऱ्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत.

हा प्रश्न केवळ समीक्षकांचा नाही. सल्ला केंद्रात काम करताना हेच माप सतत समोर येतं. ‘तुम्हीच जरा समजून घ्या,’ असं सासरचे म्हणतात, माहेरचे म्हणतात, चौकीतही ऐकवलं जातं. म्हणूनच पात्र मोठं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आपण तपासून पाहायला हवं.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. त्यातली यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. लहानपणी जे घडतं ते तिला जगरहाटी वाटतं. पुढे मैत्रीण दुर्गीचे हाल ती पाहते, नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहायला-वाचायला शिकते, मुंबईत तिला मोकळा श्वास मिळतो. हळूहळू ‘माझं नशीब’ या जागी ‘बायकांच्या वाट्याला हे का?’ असा प्रश्न येतो. ही खरी वाढ. पण नवरा वारल्यावर त्याच यमूचं सासरी बळजबरीने केशवपन होतं. तिची समज कमी पडली का? मुळीच नाही. तिच्या नावावर छप्पर नव्हतं, हातात कमाई नव्हती. माणूस वाढलं, भोवतालची व्यवस्था तसूभरही वाढली नाही.

जवळजवळ नव्वद वर्षांनी विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकात सरिता भेटते. तिचा पत्रकार नवरा, बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी, कमला नावाच्या आदिवासी बाईला विकत घेऊन घरी आणतो. कमला सरितेला अगदी साधेपणाने विचारते, तुम्हाला कितीला घेतलं? सुशिक्षित, सुखवस्तू सरितेचे डोळे त्या प्रश्नाने उघडतात. कमलेला आणि आपल्याला एकाच घरात, एकाच मालकाच्या मर्जीवर राहावं लागतं, हे तिला दिसतं. शेवटी नवऱ्याची नोकरी जाते तेव्हा ती त्याला सोडून जात नाही. पण आपण कायम अशा राहणार नाही, हे ती स्पष्ट बोलून दाखवते.

सरिता थांबली म्हणून ती कच्ची ठरते का? इब्सेनची नोरा १८७९ मध्ये दार ओढून निघून गेली. तेव्हापासून ‘बाहेर पडली तीच जागी झाली’ असं आणखी एक माप तयार झालं. चळवळीतल्या आपल्यापैकी काहीजणींना ते जवळचं वाटतं. पण सोसण्याचं माप जसं बाहेरून लादलेलं, तसंच हेही. दोन लहान मुलं आणि रोजंदारी असलेली बाई आज परत जाते, तेव्हा ती मागे गेली असं धरून चालत नाही. ती का परत जाते आहे आणि तिला काय कळलं आहे, हे विचारावं लागतं.

माझ्या मते स्त्री पात्राची वाढ तीन गोष्टींत दिसते. जे घडतं आहे त्याला ती त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते. आपलं दुःख दुसरीच्या दुःखाशी जोडून पाहते. आणि निर्णय, मग तो थांबण्याचा असो वा जाण्याचा, स्वतः घेते. यमूला दुर्गी होती, सरितेला कमला. एकटीने बसून शहाणपण येत नाही, हे आपल्या गटांच्या बैठकांतून आपण पाहिलंच आहे.

आणि यमूचा धडा विसरू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो प्रत्यक्षात मिळवून देणं हे आपलं काम आहे. पुढच्या बैठकीत ‘कमला’चा शेवटचा प्रवेश एकत्र वाचा आणि मैत्रिणींना विचारा: सरितेने ‘तो दिवस’ लवकर आणायचा, तर तिच्या हाताशी काय काय असायला हवं? जी यादी निघेल, ती आपल्या पुढच्या वर्षाच्या कामाची यादी असेल.