वेलणकरचे हात आणि आपल्या टाळ्या

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ साली पडद्यावर आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता आणि ओम पुरींचा अभिनय. मुंबईच्या पोलिसाचे इतके खरे चित्र हिंदी पडद्याने क्वचितच दाखवले असेल. चित्रपटाच्या गुणवत्तेबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या शेवटाला चार दशके पडत आलेल्या टाळीशी. ही टाळी वाजवणाऱ्यांत विरार लोकलला लोंबकळून रोज मुंबई गाठणारा श्रमिक असतो आणि आपले काही कार्यकर्तेही असतात, म्हणून हा प्रपंच.

कथा सर्वांना ठाऊक आहे. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर गुंड रामा शेट्टीला पकडायला जातो आणि एका टेलिफोनने हात हलवत परत येतो. जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते. साचलेला हा सारा अपमान तो कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर काढतो. चोर मरतो. मग निलंबन, मग बचावासाठी शेट्टीचाच उंबरठा, आणि शेवटी शेट्टीचा दाबलेला गळा.

मृत्यू दोन आहेत, हात तेच आहेत. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र दुसराच राहतो. रेडिओ चोरल्याच्या संशयावरून मेलेल्या त्या दरिद्री माणसासाठी कोणाचा हात उठत नाही. तेंडुलकर-निहलानींनी हा पहिला मृत्यू लपवलेला नाही. तो आपण विसरलो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रामा शेट्टीविषयी पहिला प्रश्न पडतो तो हा की, याचे उत्पन्न येते कोठून? जेथे जमीन दुर्मीळ आणि तिचा भाव सट्ट्याने ठरतो, तेथे जागा रिकामी करून देणारा, ताब्यात ठेवणारा, तक्रारदाराचे तोंड बंद करणारा माणूस ही बाजाराची गरज असते. नगरसेवकपद ही त्याची भांडवली गुंतवणूक. शेट्टी मेला तर एक जागा रिकामी होते, इतकेच. दुसऱ्या दिवशी तिला उमेदवार मिळतो.

हे वसईकरांना पडद्यावर पाहण्याची आवश्यकता नव्हती. ऐंशीच्या दशकाअखेर येथील हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली, आणि १९८९ साली नालासोपाऱ्याच्या रेल्वे फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालण्यात आल्या. त्या दहशतीसमोर येथे उभा राहिला तो कोणी वेलणकर नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी रस्त्यावर आलेले शेतकरी, बागायतदार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांना पुरते यश आले नाही, हे खरे. आजची वसई पाहणाऱ्याला ते सांगायला नको.

चित्रपटातला वेलणकर एकटा आहे. खऱ्या मुंबईतले पोलीस त्याच्या आदल्याच वर्षी एकटे नव्हते. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते, आणि १८ ऑगस्टला शिपायांच्या संघटनेचे पुढारी सरकारने पकडताच खुद्द पोलीस रस्त्यावर उतरले. पगार, घरे, कामाचे तास, साहेबाच्या घरची वेठ असे त्यांचे प्रश्न होते. गिरणी कामगार त्यांच्या बाजूने बाहेर पडले. सरकारने लष्कर बोलावले, संघटनेची मान्यता काढली, कित्येकांना बडतर्फ केले. सत्याचा हा अर्धा भाग पडद्यावर नाही.

त्याच वर्षी, ११ जानेवारीला, वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला होता. मुंबईतली पहिली चकमक म्हणून तिचा उल्लेख होतो. संघटित शिपाई ज्या राज्ययंत्रणेला धोकादायक वाटला, तिला पिस्तूलधारी एकटा अधिकारी सोयीचा वाटला. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २०१४ साली न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूच्या स्वतंत्र तपासाचे नियम घालून दिले. तरीही २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला, तेव्हा पेढे वाटले गेले. खटला चालायचा होता. त्या दोन लहान मुलींच्या बाबतीत शाळेची आणि यंत्रणेची जबाबदारी किती, हे भर न्यायालयात त्या खटल्यातून निघाले असते. पेढे कोणाच्या सुटकेचे होते?

‘न्यायालये वर्षानुवर्षे निकाल देत नाहीत, मग लोकांनी काय करावे?’ असे साथी विचारतात. प्रश्न खोटा नाही. परंतु खटल्याच्या दिरंगाईने पिचतो तो गरीबच, आणि गोळीने मरतो तोही बहुधा गरीबच. ज्याच्या एका टेलिफोनवर वेलणकर परत फिरतो, त्याच्यापर्यंत चकमक पोहोचल्याचे किती दाखले देता येतील?

मीरा-भाईंदर, वसई-विरारला २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत करणे २००५ च्या कायदेदुरुस्तीने बंधनकारक झाले आहे. आपल्या शाखांनी या आयुक्तालयाच्या हद्दीतील अशा चौकश्यांचे अहवाल मागावेत, आणि त्याच निवेदनात शिपायांच्या ठरावीक कामाच्या तासांची, घरांची व संघटनेच्या हक्काची मागणीही करावी. शिपायाची बाजू आणि कोठडीत मेलेल्याची बाजू एकाच कागदावर मांडणारा पक्ष या तालुक्यात आजतरी दुसरा दिसत नाही.