हरलेल्या संघाची चोपडी

मस्तान नाक्यावरून पालघरकडे जाणाऱ्या गाड्यांतून रोज सकाळी मनोरची महाविद्यालयीन मुले निघतात. कोणी पालघरला शिकतो, कोणी बोईसरला, कोणी पुढे लोकल धरून वसई-विरारकडे जातो. व्यापारी घरांतील मुलेही त्यांतच असतात. अशा एखाद्या मुलाच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ ओळीने दोन-तीन वर्षे पहिल्याच फेरीत बाद झाला, की घरात निकाल लागायला वेळ लागत नाही. प्रशिक्षक कुचकामी आहे, एवढ्यावर चर्चा मिटते.

पेढीवर मात्र हेच घर असा न्याय करीत नाही. धंदा बसला तर मुनिमाकडे बोट दाखवून मालकाची सुटका होत नाही. भांडवल किती घातले, उधारी कोणी वाढू दिली, मोक्याच्या वेळी माल का भरला नाही, हे सगळे चोपडीत दिसते. संघाची चोपडी उघडण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या संघाची चोपडी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिथला फुटबॉल आपल्याकडच्यापेक्षा वेगळा. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. पण महाविद्यालयीन संघाला तिथे जे मोल आहे, ते आपल्याकडे क्रिकेटलाच असेल. 1892 साली ॲमोस अलोन्झो स्टॅग या विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले आणि सलग 41 हंगाम राहिले. 1905 मध्ये त्यांच्या संघाने मिशिगनला 2-0 असे हरवले, तेव्हा मिशिगनची 56 सामन्यांची अपराजित मालिका तुटली. मोठ्या विद्यापीठांच्या ज्या संघटनेत शिकागो खेळत असे, तिचे शेवटचे विजेतेपद त्याला 1924 मध्ये मिळाले. त्यानंतर उतार लागला.

1929 मध्ये रॉबर्ट हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. वय अवघे तीस. ग्रंथ, वादविवाद आणि कठोर अभ्यासक्रम हे त्यांचे प्रेम. तिकिटांच्या उत्पन्नावर चालणारा खेळ त्यांना मुळीच मान्य नव्हता. इतर विद्यापीठे खेळाडूंना सवलती देऊन, सोपे विषय देऊन बोलावीत. शिकागोने ते नाकारले. तत्त्व म्हणून यात वावगे काहीच नव्हते. सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना 1932 च्या हंगामानंतर निवृत्त व्हावे लागले आणि क्लार्क शॉनेसी यांच्या हाती संघ आला. (स्टॅग काही घरी बसले नाहीत. दुसऱ्या एका महाविद्यालयात ते आणखी चौदा हंगाम शिकवीत राहिले.)

संघात गुणवान मुले नव्हती असेही नाही. 1935 मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठी नव्याने सुरू झालेला, पुढे हाइजमन पुरस्कार म्हणून गाजलेला सन्मान पहिल्यांदा मिळाला तो शिकागोच्याच जे बरवँगर या विद्यार्थ्याला. त्याने पुढे व्यावसायिक खेळाडू होण्याऐवजी रबराच्या एका कंपनीत विक्रेत्याची नोकरी धरली, ही गोष्ट व्यापारी वाचकाला गमतीची वाटेल. पण एकटा बरवँगर संघ तारू शकत नव्हता, आणि तो गेल्यावर तर मागे कोणीच उरले नाही. 1939 मध्ये मिशिगनने त्याच शिकागोला 85-0 असे चिरडले. त्या डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

दोष कोणाचा? शॉनेसींचा म्हणावे, तर पुढचेच वर्ष आडवे येते. ते स्टॅनफर्डला गेले. 1939 मध्ये स्टॅनफर्डने नऊ सामन्यांत एकच विजय मिळवला होता. 1940 च्या हंगामात शॉनेसींच्या हाताखाली तो संघ एकही सामना हरला नाही आणि 1 जानेवारी 1941 रोजी रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून आला. जो मुनीम एका पेढीवर बुडीत ठरला, त्यानेच वर्षभरात दुसरी पेढी उभी करून दाखवली. म्हणजे खोट मुनिमात नव्हती, गादीवर होती.

हचिन्स यांची एक गोष्ट मानावी लागते. त्यांनी निर्णय आपल्या नावाने घेतला. प्रशिक्षकाच्या माथी मारला नाही. पण फुटबॉल नको हे मत त्यांचे आदल्या दिवशी झाले नव्हते. 1938 मध्येच त्यांनी एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून या खेळाच्या पैशावर टीका केली होती. मग दरम्यानची वर्षे मैदानावर कोण उभे होते? भांडवल न घातलेल्या दुकानाची पाटी तेवढी तशीच ठेवावी आणि गल्ल्यावर पोरांना बसवावे, तसा हा प्रकार. 85 गुणांचा मार अध्यक्षांनी खाल्ला नाही, त्या मुलांनी खाल्ला.

मुंबईत याच्या उलट घडले. महिंद्रा युनायटेड हा 1962 पासूनचा कंपनीचा संघ. 2005-06 मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने जाहीर केले की हंगाम संपताच संघ बंद होईल आणि यापुढे भर शालेय फुटबॉलवर राहील. मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना हा निर्णय लागला, आणि लागावा असाच तो होता. तरी हिशेब उघड होता. संघ बंद कोणी केला, हे शोधत बसावे लागले नाही. चालू नाही आणि बंदही नाही, अशा अवस्थेत खेळाडूंना कुजवले गेले नाही.

मनोरच्या घरातला हिशेब मात्र इतका उघड नसतो. मुलाचे नाव संघाच्या यादीत आहे, ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगितली जाते. सरावाची वेळ संध्याकाळची. दुकानात गर्दीही संध्याकाळचीच. ‘‘आज मैदान राहू दे, गाडी येणार आहे, माल उतरवून घे,’’ असे वडील म्हणतात, आणि मुलगा ‘‘बरं पप्पा’’ म्हणून चाळी उघडून शटरपाशी उभा राहतो. दिवाळीच्या आधीचा महिना असाच जातो. मग लग्नसराई. संघातील बाकीच्या मुलांच्या घरी दुकान नसेल, पण शिकवणी असते, अर्धवेळ नोकरी असते. अकरा जण एकत्र कधी खेळतात, तर थेट सामन्याच्या दिवशी. महाविद्यालयही वर्षाला एक चेंडू आणि सदऱ्यांचा संच देऊन मोकळे होते.

यातील कोणतीही एक संध्याकाळ चुकीची नाही. गाडी आली तर माल उतरवावाच लागतो, आणि दुकानावरच त्या मुलाची फी निघते. पण वडिलांनी त्याला जूनमध्येच समोर बसवून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मैदानाच्या की दुकानाच्या, एवढे पक्के केले असते, तर मुलाला तरी आपण कुठे उभे आहोत हे कळले असते. मैदान नको असेल, तर त्याने स्वतः जाऊन यादीतून नाव काढून घेतले असते. त्या जागी एखादा दुसरा मुलगा रोज आला असता. तसे बोलणे झालेले नसते. मुलगा बाद होऊन परत येतो, तेव्हा वडील गल्ला मोजत असतात, आणि मान वर न करता विचारतात, ‘‘काय रे, तुमचे सर काही शिकवतात की नाही?’’